गुडघ्यावर हात

भाद्रपद सरत आला की आमच्या वाशीकडचं रान दोन रंगांचं होतं. खाली सपाटीला सोयाबीन पिवळं पडून खुळखुळायला लागतं, आणि वर बालाघाटाच्या डोंगरांवर गवत अजून हिरवंच असतं, कमरेइतकं वाढलेलं, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकणारं. बांधाबांधावर तरवड फुलतो. सीताफळांचे डोळे उघडायला लागतात. दिवसभर कुठून तरी मळणी यंत्राची घरघर येत राहते आणि संध्याकाळी घरी आलं की अंगाला बारीक भुसा खाजत असतो. लोकांचा हा सुगीचा हंगाम. एके काळी माझ्याही आवडीचा होता. आता आठ वर्षं झाली, गवताला तुरे आले की मी डोंगराकडं बघायचं टाळतो. वाशीत राहून डोंगराकडं न बघणं सोपं नाही, पण सवयीनं जमतं.

यंदा जमलं नाही. आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आलेत. उत्साही माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "सर, या दिवसांत पोरांना पालकांसकट एखाद्या किल्ल्यावर नेऊ. आई, वडील, लहान भावंडं, सगळे. वर डबा खायचा, जरा साफसफाई करायची, दुपारी परत. घरातल्या सगळ्यांना झेपेल असं एखादं ठिकाण सांगा. तुम्ही खेळाचे शिक्षक, तुम्हाला सगळी रानं पाठ असतील."

"बुरुजाचा डोंगर," मी म्हणालो. "तासाभराचा चढ. लहान लेकरंसुद्धा चढतात."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. हेच शब्द, याच सुरात, मी आठ वर्षांपूर्वी माझ्या बायकोला सांगितले होते.

मुख्याध्यापकांनी खूश होऊन वहीत लिहून घेतलं. त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं.

बुरुजाचा डोंगर म्हणजे नळदुर्गासारखा नावाजलेला किल्ला नव्हे. गावापासून मोटारसायकलनं अर्धा तास, मग एक वाडी, वाडीच्या पुढं डोंगर. वर एक बुरूज उभा आहे, दुसरा अर्धा ढासळलाय. दोन्हींच्या मधे दरवाज्याची नुसती चौकट, आणि आत दगडी टाकं. टाक्याजवळ छप्पर नसलेलं महादेवाचं देऊळ. कुणी म्हणतं निजामाची चौकी होती, कुणी म्हणतं त्याच्याही आधीची गढी. नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण वर उभं राहिलं की वारा असा लागतो की कानातलं सगळं साफ होतं, आणि खाली शेतांचे तुकडे गोधडीसारखे पसरलेले दिसतात.

मी खो-खो शिकवतो. आमच्या पोरी जिल्ह्यापर्यंत, दोनदा विभागापर्यंत खेळून आल्यात. खो-खो हा उठण्याचा खेळ आहे. पाठीवर हात पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत उठायचं आणि सुटायचं. मी पोरींना दिवसाला शंभर वेळा बसवायचो आणि शंभर वेळा उठवायचो. कुणी थकून गुडघ्यावर हात ठेवून उठली की माझी शिट्टी वाजायची. "म्हातारी झालीस का? हात काढ!" पोरी हसायच्या, हात काढायच्या आणि उठायच्या. त्यांना जमायचं. जमत नाही म्हणजे मन लावत नाही, इतकं साधं माझं गणित होतं.

माझी स्वतःची मुलगी, मुक्ता, तेव्हा दहा वर्षांची होती. एकुलती एक. बोलण्यात पटाईत, अभ्यासात ठीक, आणि पळण्यात सगळ्यांच्या मागं. वर्षभरापूर्वीपर्यंत ती बरी पळायची. मग हळूहळू मागं पडायला लागली. जिना चढताना कठड्याला धरायची. सपाट अंगणात, काही नसताना, पडायची. बदकासारखी डुलत चालायची आणि वर्गातली पोरं तिची नक्कल करायची. शाळेत मला कुणी तोंडावर बोललं नाही, पण खेळाच्या मास्तरची पोरगी आणि अशी, हे लोकांच्या डोळ्यांत मला दिसायचं. खरं सांगायचं तर ते माझ्याच डोळ्यांत होतं.

"मोबाइल आणि गादी," मी बायकोला, वैशालीला म्हणालो. "दुसरं काही नाही. अंग जड झालंय तिचं. दर रविवारी डोंगरावर नेतो, बघ दिवाळीपर्यंत कशी हरणासारखी होते."

"डोंगर?" वैशाली म्हणाली. "अहो, तिला आपला जिना चढवंना."

"म्हणूनच. तासाभराचा तर चढ आहे. लहान लेकरंसुद्धा चढतात."

असे ते रविवार सुरू झाले. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे आठ-नऊ रविवार असतील. इतके वेळा ते मनात फिरवलेत की आता कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे सांगता येत नाही.

सकाळी तिघं एका मोटारसायकलवर निघायचो. मुक्ता मधे. वैशालीच्या मांडीवर डब्याची पिशवी. रस्त्याच्या अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलेलं असायचं आणि मी कडेकडेनं गाडी काढायचो. मुक्ता पाय वर धरायची, "पप्पा, दाणे उडतील!" म्हणून ओरडायची. वाडीच्या टोकाला शेवंताबाईचं घर. विधवा बाई, दोन म्हशी आणि डोंगराला लागून शेताची एक पट्टी. तिच्या अंगणात आम्ही गाडी लावायचो. ती दर वेळी म्हणायची, "आलं का मास्तर किल्ला जिंकाया?" आणि मुक्ताच्या हातात एखादं सीताफळ ठेवायची.

वाट आधी सपाट होती, मग ओढा, मग चढ. सकाळचं दव गवतावर असायचं आणि ओढ्यापर्यंत जाईस्तो आमच्या चपला, बूट, पायाचे घोटे भिजून जायचे. नंतर नंतर गवत वाळलं तसं कुसळं मोज्यात घुसायला लागली. वर गेल्यावर तिघांनी गोल बसून एकमेकांची कुसळं काढायची, हा एक कार्यक्रमच होऊन बसला होता. मुक्ता माझ्या मोज्यातली काढायची आणि मोजायची. मोठ्यानं मोजायची. पन्नासाच्या पुढं गेली की टाळी वाजवायची.

देवळापुढं एक नंदी आहे. त्याचा एक कान तुटलाय. मुक्ता त्याच्या तुटक्या कानाशी जाऊन कुजबुजायची. लोक चांगल्या कानात सांगतात, मग तू तुटक्यात का, असं वैशालीनं विचारलं तर म्हणाली, "त्या कानात कोणी सांगतच नसंल की. रिकामा असतोय तो." काय सांगायची ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

हे सगळं आठवलं की वाटतं, असं एक चांगलं घर डोंगरावर जात होतं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, टाक्याच्या कडेला बसून पाण्यातले मासे बघणं. कुणी लांबून बघितलं असतं तर हेवा केला असता. पण माझ्या गळ्यात स्टॉपवॉच होतं.

व्हय, स्टॉपवॉच. ओढा ओलांडला की मी ते सुरू करायचो आणि बुरुजाला हात लागला की बंद. पहिल्या रविवारी जेवढा वेळ लागला त्याहून दुसऱ्या रविवारी कमी लागला पाहिजे, असा माझा हिशेब. लागायचा जास्त. दर वेळी थोडा जास्त. मला वाटायचं, पोरगी मुद्दाम करतेय. ती वाटेत दगडावर बसायची. मी समोर उभा राहून म्हणायचो, "ऊठ."

ती उठायची. कशी उठायची ते मला आजही डोळे न मिटता दिसतं. आधी दोन्ही हात जमिनीवर टेकायची आणि कंबर वर घ्यायची. मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा गुडघ्यावर. मग हात मांडीवर सरकवत सरकवत, आपल्याच अंगावर चढत गेल्यासारखी, वर यायची. तो दगड, तो चढ, तो सगळा डोंगर एकीकडं आणि तिचं ते स्वतःला उभं करणं एकीकडं.

आणि मी म्हणायचो, "गुडघ्यावर हात नको. हात न लावता ऊठ. परत बस. आता ऊठ."

ती परत बसायची. प्रयत्न करायची. पडायची. मग हसायची, कारण माझ्या चेहऱ्याकडं बघून तिला कळायचं की हसलं नाही तर पप्पा आणखी चिडतील.

"अहो, राहू द्या," वैशाली म्हणायची. "लई दमलीय ती."

"तू लाड कर. तेच करत आलीस."

वैशाली गप्प व्हायची. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची आणि चालायला लागायची.

नवरात्रात तुळजापूरहून ज्योत घेऊन पळणारी पोरं रस्त्यानं दिसायची, अनवाणी, घामेजलेली. मी गाडी थांबवून मुक्ताला दाखवायचो. "बघ. कुठून कुठं पळत येतात. आणि तुला एक डोंगर होत नाही." ती त्यांच्या पायांकडं बघत राहायची. "पप्पा, त्यांचे पाय दुखत नसतील?" एवढंच विचारायची. "दुखतात. पण ती सांगत नाहीत," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं मला पाय दुखतात असं कधीच सांगितलं नाही.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, उतरताना, ओढ्याच्या अलीकडं मुक्ता पडली. पाय अडखळला नव्हता, घसरलाही नव्हता. चालता चालता तिचा गुडघा आतून कुणी दोरी कापावी तसा सुटला आणि ती खाली गेली. कपाळ फुटलं. रक्त बघून वैशाली धावली. मी मात्र आधी ओरडलो, "समोर बघून चालता येत नाही?" मग धावलो.

शेवंताबाईच्या अंगणात आणून जखमेवर हळद लावली. शेवंताबाईनं मुक्ताला पाणी दिलं, तिची पाठ चोळली. मग मुक्ताला म्हणाली, "जा बाळ, म्हशीचं रेडकू बघून ये." मुक्ता बसल्या जागेवरून उठली. तशीच, जमीन, गुडघे, मांड्या. माझ्याकडं बघत, घाबरत. शेवंताबाई तिच्याकडं टक लावून बघत होती. पोरगी गोठ्याकडं गेल्यावर ती माझ्याकडं वळली.

"मास्तर, एक बोलू का? राग येऊ द्यायचा न्हाय."

"बोला की."

"ह्यो आळस न्हाय. म्या लई आळशी पोरं बघितली. आळशी पोरगं बसतंय तवा आरामात बसतंय. ही बसती तवा बी भीत बसती, का तर परत उठावं लागंल म्हणून. पोरीच्या पायातलं काय तरी चाललंय. तिला डाक्टरला दावा. डोंगराला न्हाय."

मला राग आला. अडाणी बाई मला शिकवतेय, असं मनात आलं, हे लिहायला हात जड होतो, पण आलं. त्यानंतरच्या रविवारीही आम्ही डोंगरावर गेलो. मुक्ता निम्म्यापर्यंतच आली. दिवाळीच्या आधी शाळेच्या पायरीवर ती पुन्हा पडली, तेव्हा मी सोलापूरला डॉक्टरांकडं नंबर लावला.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी फार काही विचारलं नाही. मुक्ताला गाल फुगवायला सांगितलं, हात वर करायला सांगितलं. पोटऱ्या दाबून बघितल्या. मग म्हणाले, "बाळ, इथं खाली फरशीवर मांडी घालून बस. आणि आता ऊठ बरं."

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीत बसलो होतो. तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, ओठ दाबले आणि उठायला गेली. जागच्या जागी कलंडली. पुन्हा बसली, पुन्हा हात मागं, पुन्हा कलंडली. डॉक्टर म्हणाले, "हात का बांधतेस? जमिनीवर टेक की, गुडघ्यावर ठेव. तुला जसं जमतं तसं ऊठ."

"पप्पांना चालत नाही," मुक्ता म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. ही त्यांची दया होती. ते खुर्चीतून उठले, स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मला चालतं. लाव हात."

मग ती उठली, आपल्या पद्धतीनं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नर्सबरोबर तिला बाहेर पाठवलं. रक्ताच्या तपासण्या, मग पुण्याच्या तपासण्या, हे सगळं नंतर झालं, पण मला वाटतं त्यांना त्याच वेळी कळलं होतं. स्नायूंचा आजार. जन्मापासून अंगात लपलेला. स्नायू हळूहळू झिजत जातात, आधी मांड्यांचे, कमरेचे, मग वर वर. औषध नाही.

"व्यायाम?" मी विचारलं. मला दुसरं काय येत होतं?

"हलका चालेल. पण तुमच्या-माझ्या स्नायूंना ताण दिला की ते बळकट होतात, हिच्या स्नायूंना जास्त ताण दिला की ते फाटतात आणि परत भरून येत नाहीत. चढ नको. दमेपर्यंत काही नको."

मी त्यांना डोंगराचं सांगितलं. सगळं. स्टॉपवॉचचंही. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. म्हणाले, "तुम्ही नेलं नसतं तरी आजार थांबला नसता. एवढं लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवलंय. आठ वर्षं ठेवलंय. त्यांनी "तुमच्यामुळं काही फरक पडला नाही" असं म्हटलं नव्हतं, हेही लक्षात ठेवलंय.

बाहेर बाकावर मुक्ता वैशालीच्या मांडीवर डोकं टेकून बसली होती. मला बघून ताठ बसली. "पप्पा, मी पास झाले का?"

बाराव्या वर्षी तिचं चालणं थांबलं. चाकांची खुर्ची आली. घराचा उंबरा काढून टाकला, शाळेनं दारापाशी सिमेंटचा उतार करून दिला. आम्ही दोघं तिला उचलायला शिकलो, काखेत हात कसा घालायचा, पाठ कशी धरायची. मी खो-खो सोडणार होतो. मुक्तानंच सोडू दिलं नाही. "मला मैदानावर घेऊन चला. गुण मी लिहिते." आणि खरंच, मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून ती गुणपत्रक भरायची. कुणी रेषा ओलांडली की माझ्या आधी तिला दिसायचं. पोरी तिला घाबरायच्या. "मुक्ताताई, एवढा एक फाउल सोडा की," म्हणून गयावया करायच्या आणि ती मान हलवायची.

एका संध्याकाळी सामना संपल्यावर मी तिला घरी ढकलत नेत होतो. चौदा वर्षांची होती. हेच दिवस होते, रस्त्याला सोयाबीन पडलेलं. डोंगर समोर होता आणि मी मान खाली घातलेली.

"पप्पा, तुम्ही तिकडं बघत का न्हाई?" ती म्हणाली.

मी खुर्ची ढकलत राहिलो.

"त्या किल्ल्याचं अजून धरून बसलात व्हय?"

"मुक्ता, मी तुला..."

"ते रविवार मला आवडायचे."

"खोटं बोलू नको. माझ्यासाठी खोटं बोलू नको."

"खोटं न्हाई. पाय लई दुखायचे, ते खरंय. तुमची भीती वाटायची, ते बी खरंय. आणि आवडायचे, ते बी खरंय." ती थोडी थांबली. लांब वाक्य बोललं की तेव्हा तिला दम लागायला लागला होता. "बाकीचे सहा दिवस तुम्ही टीमच्या पोरींचे असायचात. घरी आला तरी त्यांचंच बोलायचात. रविवारी गळ्यात घड्याळ घालून तुम्ही माझ्यासमोर उभं राहायचात ना, मला वाटायचं, मी पण आले टीममधी."

मी खुर्ची थांबवली. तिच्या मागं होतो म्हणून तिला माझा चेहरा दिसला नाही. तिनं वळून बघायचा प्रयत्नही केला नाही. मानेतली ताकदही तेव्हा कमी झाली होती, पण मला वाटतं, वळता आलं असतं तरी ती वळली नसती.

सोळाव्या वर्षी, पौषातल्या थंडीत, तिला साधा खोकला झाला. खोकायला छातीत जोर लागतो. तो तिच्याकडं उरला नव्हता. पाच दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होती. सहाव्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन आत आलं होतं तेव्हा, गेली. वैशाली तिचे केस विंचरत होती. फणी केसांतच राहिली.

त्याला यंदा दोन वर्षं होतील.

वैशाली आणि मी मुक्ताविषयी बोलतो. तिचं खाणं, तिचे विनोद, शाळेतल्या गोष्टी. त्या हंगामाविषयी मात्र आम्ही कधीच बोललो नाही. डॉक्टरांकडून आल्या दिवसापासून आजपर्यंत वैशालीनं मला एकदाही "मी सांगत होते" असं म्हटलं नाही. कितीदा वाटायचं, तिनं म्हणावं. भांडावं, ताट फेकावं. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला होता. तिनं मला माफ केलेलं नाही, आणि ते बरोबर आहे, असं मी धरून चाललो होतो.

मुख्याध्यापकांच्या सहलीचं मी तिला घाबरत सांगितलं. म्हणालो, "सहलीच्या आधी वाट बघून यावं लागेल. मी एकटा जाऊन येतो रविवारी."

ती मेथी निवडत होती. काड्या बाजूला करत म्हणाली, "मी येते."

शेवंताबाई आता वाकलीय. आम्हाला दोघांनाच बघून तिनं काही विचारलं नाही. पाणी दिलं. "सावकाश जावा, गवतात वाट मोडलीया," एवढंच म्हणाली. वाट खरंच बुजली होती. मी काठीनं गवत बाजूला करत पुढं, वैशाली मागं. वर गेल्यावर पलीकडच्या माळावर पवनचक्क्या दिसायला लागल्या, पांढऱ्या, संथ फिरणाऱ्या. आमच्या वेळी त्या नव्हत्या. टाक्यात पाणी होतं. अर्ध्या बुरुजाचे आणखी चार दगड खाली आले होते. वहीत मी लिहून घेतलं, इथं लहान मुलांना जाऊ देऊ नये.

टाक्याच्या कडेला बसलो. डबा तसाच पिशवीत राहिला. मग वैशाली पाण्याकडं बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"रविवारी संध्याकाळी मी तिचे पाय चेपायची. तुम्ही बाहेर गेलात की. तिच्या मांड्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. हात लावला तरी रडायची. उशीत तोंड घालून रडायची. आणि म्हणायची, आई, पप्पांना सांगू नको. मी पुढच्या रविवारी लवकर चढते. तू सांगू नको." वैशालीचा आवाज एकसारखा होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "मी न्हाई सांगितलं. एकदा न्हाई. आठ रविवार मी तिचे पाय चेपले आणि सोमवारी तुमचा डबा भरला. शेवंताबाई परकी बाई, ती बोलली. मी आई होते. मला वाटायचं, तुम्हाला खेळातलं कळतं, मला काय कळतंय."

मी तिच्याकडं बघितलं. आठ वर्षं ज्या गप्प राहण्याला मी माझी शिक्षा समजत होतो, ती तिची स्वतःची होती. एका घरात, एका ताटावर बसून, आम्ही दोघं आपापली वेगवेगळी भोगत होतो.

"मी सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मी ओरडून सांगायला पाहिजे होतं. तुम्ही थांबला असता."

तुझी काही चूक नाही, असं म्हणता आलं असतं. लोक म्हणतात तसं. पण तिला ते खरं वाटलं नसतं, जसं मला डॉक्टरांचं वाटलं नव्हतं. म्हणून मला जे पक्कं ठाऊक होतं तेच मी तिला सांगितलं.

"नसतो थांबलो. वैशाली, ऐक. तू ओरडून सांगितलं असतंस, पाया पडली असतीस, तरी मी ऐकलं नसतं. शेवंताबाईनं सांगितल्यावर ऐकलं का? त्याच्या पुढच्याच रविवारी मी तिला परत इथं घेऊन आलो. तुझ्या सांगण्यानं मुक्ताचा एक रविवारसुद्धा वाचला नसता. मी तेव्हा तसाच होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खरं बोलतोय का, हे ती तपासत होती. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याचं खोटं कळतं. ते खोटं नव्हतं.

मग ती रडली. दवाखान्यातही रडली नव्हती अशी, मोकळी, तोंड उघडं टाकून. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो. माझं ओझं तसूभर कमी झालं नाही, ते व्हायचंही नाही. पण माझ्या त्या आडमुठेपणाचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला होता.